जेवणाआधीची चक्कर

“ही डोळे मिटते ना, तेव्हा मोटर बंद करायची,” चकाकी नव्या माणसाला सांगत होती. “डबा उघडला की लगेच मिटते. जेवणाआधी चक्कर येते तिला. थोड्या वेळानं उघडते आपोआप. तोवर बोलायचं नाही, हलवायचं नाही, आणि पाणी आणू का म्हणून तर मुळीच विचारायचं नाही. काय?”

“बरं,” नवा माणूस म्हणाला.

माझे डोळे मिटलेलेच होते. डबा समोर उघडा, हात मांडीवर एकमेकांत अडकवलेले आणि दिसू नयेत म्हणून वरून एप्रन ओढलेला. ‘प्रभू, या अन्नाबद्दल’ इथवर मी आले होते आणि पुढचा शब्दच येईना. पुढचा शब्द कुठला हे मला लहानपणापासून पाठ आहे, झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. पण येईना. डोळे उघडावेत तर समोर ती दोघं बघत उभी असणार, न उघडावेत तर असं किती वेळ बसायचं? चक्कर आल्यावर माणूस किती वेळ डोळे मिटून बसतो हेसुद्धा मला ठाऊक नाही, कारण मला आयुष्यात कधी चक्कर आलेली नाही. शेवटी मी हळूच डोळे उघडले आणि, देवा रे, कपाळावरून हात फिरवला. तो हात फिरवायला मला कोणी सांगितलं होतं? आपला आपण गेला. चकाकीनं ‘बघितलंत?’ अशी नव्या माणसाकडे भुवई उडवली आणि मोटर पुन्हा चालू केली.

आम्ही कवळ्या करतो. दाताच्या डॉक्टरांकडून तोंडाचे ठसे येतात, त्यांच्यावरून प्लास्टरचे साचे होतात, आणि त्या साच्यांवर मेणात दात बसवायचं काम माझं. म्हणून चकाकी मला मेणबाई म्हणते. मेणाची कवळी पक्की होऊन आली की ती खरबरीत असते, जिभेला टोचेल अशी. ती चकाकीकडे जाते. ती मोटरच्या कापडी चाकावर धरून तिला पॉलिश करते आणि प्रत्येकीला म्हणते, “चल बाई, चकाक.” तिचं खरं नाव पगाराच्या दिवशी तेवढं ऐकू येतं, आणि तेव्हा तीसुद्धा क्षणभर इकडेतिकडे बघते. तिचं टेबल माझ्या टेबलाला चिकटून आहे. मोटरची घरघर दिवसभर माझ्या उजव्या कानात असते, इतकी की ती आहे हे मी कधीच विसरून गेले होते. दुपारी ती थांबते आणि डोक्यात एकदम मोकळं होतं, ते मात्र मला कळायचं. मला वाटायचं, जेवणाची वेळ झाली म्हणून थांबते. आता लक्षात आलं, चकाकी माझ्यासोबत कधी जेवतच नाही. हातातली कवळी संपवून मागाहून जेवते. म्हणजे मोटर माझ्यासाठी थांबत होती. मी डोळे उघडले की पुन्हा सुरू होत होती, आणि मी डब्यातला पहिला घास त्या घरघरीतच खात आले होते. इतकी साधी गोष्ट. शेजारी बसून दिसू नये?

मी इथे नवीन होते तेव्हा तिनं विचारलं होतं. मी डबा उघडून डोळे मिटले होते, उघडून बघते तर हिचा चेहरा अगदी माझ्या नाकाशी. “काय गं, बरं नाही का?” मी ख्रिस्ती आहे हे तिला ठाऊक होतं, पण ते शेजारची बाई डावखुरी आहे हे ठाऊक असावं तसं. रविवारी चर्चला जातात, नाताळ करतात, झालं. ‘प्रार्थना करत होते,’ एवढे तीन शब्द होते. जीभ किती तयार असते बघा, मी म्हणाले, “काही नाही गं, जरा चक्कर येते.” तिनं लगेच एप्रनच्या खिशातून साखरेची गोळी काढून माझ्या तळहातावर ठेवली. तेव्हापासून तिच्या खिशात गोळ्या असतात. अधूनमधून, माझा चेहरा उतरलेला वाटला की, एक गोळी माझ्या साच्याशेजारी येऊन पडते. मी खाते. गोड असते.

त्या दिवशी दुपारभर माझ्या हातून एक दात धड बसला नाही. मेण तापवायच्या बत्तीशी बोट भाजलं. आणि सगळ्यात वाईट विचार उशिरा आला, मेण खरवडताना: त्या शांततेत मी खरंच प्रार्थना तरी करत होते का? सुरुवातीला करत असेन. पुढेपुढे डोळे मिटायचे, पहिले दोन शब्द मनात म्हणायचे आणि मग सकाळच्या साच्यातला कुठला सुळा वाकडा गेला ते आठवत बसायचे. शेजारीण माझ्यासाठी यंत्र बंद करून श्वास रोखून उभी, आणि मी आत वाकडे सुळे मोजतेय. चक्कर आली असती तर निदान ती तरी खरी असती.

आमचे वडील खिडक्यांना काचा बसवायचे. हाताला कायम बारीक चिरा. आठवडाभर काचा आणि शनिवारी संध्याकाळी बाजाराच्या कोपऱ्यावर भोंगा. हातात धरायचा, बॅटरीवर चालणारा. बॅटऱ्यांची पिशवी धरून मी त्यांच्या शेजारी. “भावांनो, बहिणींनो, एक चांगली बातमी आहे!” हे त्यांचं पहिलं वाक्य, आणि ते इतक्या आनंदानं म्हणायचे की नवखा माणूस खरंच थांबायचा. भाजीची पिशवी खाली ठेवून एकानं एकदा विचारलं, “काय, लॉटरी लागली का?” वडील म्हणाले, “लागली! तुम्हालाही लागलीय, तिकीट घेतलं नसलं तरी!” लोक हसले. वडीलही हसले, पण ते थट्टा करत नव्हते, त्यांना तसंच वाटायचं. तिकीट न काढता लागलेली लॉटरी. विश्वास म्हणजे काय हे त्यांनी मला याहून वेगळं कधी सांगितलं नाही. मला मात्र पायाखालची फरशी उचलून आत शिरावंसं वाटायचं. एकदा माझ्या वर्गातल्या मुली समोरून आल्या आणि मी पिशवीसकट खांबाच्या मागे गेले. वडिलांनी भोंग्यात बोलता बोलता मागे वळून पाहिलं, बोलणं थांबवलं नाही. पुढच्या शनिवारी पिशवी स्वतःच्या खांद्याला अडकवली आणि मला म्हणाले, “तू अभ्यास कर.” रागावले असते तर बरं झालं असतं. मी रडून, भांडून मोकळी झाले असते.

तेव्हा मी मनाशी ठरवलं, की मी कोणाला त्रास देणार नाही. देव आहे, माझ्यापुरता आहे, माझ्या घरात आहे. कोणाच्या पुढ्यात तो नेऊन ठेवायचा नाही. आणि हे मला फार सभ्यपणाचं वाटत आलं. चर्चमध्ये पाळक सुवार्तेबद्दल, म्हणजे ती चांगली बातमी इतरांना सांगण्याबद्दल, बोलायला लागले की मी आपली चपलेचा पट्टा बघायचे. परवाच्याच रविवारी ते म्हणाले, “विश्वास तुम्ही कमावलेला नाही, तुम्हाला दिलेला आहे. दिलेली वस्तू लपवतो तो एक तर चोर असतो, नाही तर त्याला ती वस्तू आवडलेली नसते.” मी म्हटलं, हे जरा जास्तच होतंय. पण खरं असं, की दिलेला आहे हे मला माहीत होतं. वडील गेले त्या रात्री मला वाटलं होतं, आता माझाही विश्वास जाणार. त्यांचाच तर होता, मी नुसती पिशवी धरून उभी होते. सकाळी उठले, चूल पेटवली, आणि तो तिथेच होता. खुंटीला माझी शाल असावी तसा. मी त्याच्यासाठी काही केलं नव्हतं, राखला नव्हता, मागितलाही नव्हता. मला इतकं बरं वाटलं होतं त्या सकाळी, की ते कोणाला तरी सांगावंसं वाटलं. सांगितलं नाही. कोणाला सांगणार, नि काय म्हणून?

आणि आता चकाकी. तिच्या टाळूला गाठ झाली आहे. वर, उजवीकडे, दाढांच्या आतल्या बाजूला. जिभेनं तिनंच ती आधी चाचपली. कवळ्या घासून घासून तिची बोटं आणि जीभ दोन्ही तयार आहेत, जराशी खरबरीत जागा तिला कळते. डॉक्टरकडे जायच्या आधी ती माझ्याकडे आली आणि मोटरच्या दिव्याखाली तोंड उघडून म्हणाली, “बघ गं, हे काय आहे?” मी बघितलं आणि म्हणाले, “आजच डॉक्टरकडे जा.” आता गाठ काढणार, सोबत टाळूचा तुकडा आणि त्या बाजूच्या दाढाही. मग तिथे भोक राहणार, खाल्लेलं नाकात जाणार, बोललेलं नाकातून येणार. म्हणून शस्त्रक्रियेच्या टेबलावरच ते भोक झाकायला एक प्लेट बसवतात, आणि ती आधी करून ठेवावी लागते. तिच्या तोंडाचा ठसा आमच्याकडेच आला. दुसरं कोणी करणार होतं, मी मागून घेतलं. डॉक्टरांनी साच्यावर पेन्सिलीनं रेघ मारून दिली होती, इथून इथवर काढणार. त्या रेघेनं मी करवत चालवून चकाकीच्या दाढा साच्यावरून उतरवल्या. ती शेजारी मोटरवर दुसऱ्या कोणाची कवळी घासत होती आणि आपल्या नणंदेची गंमत सांगत होती. मी ‘हं, हं’ म्हणत होते. प्लास्टरचा भुगा मांडीवर पडत होता. तोंडाचा पट्टा चालू असलेल्या बाईचं तोंड आपण करवतीनं कापतोय, हे मला कुठे ठेवावं कळत नव्हतं.

प्लेट पक्की होऊन आली तेव्हा ती म्हणाली, “पॉलिश मी करणार. दुसऱ्या कोणाच्या हातची चकाकी मी तोंडात घालणार नाही.” नव्या माणसाला साहेबांनी आणलं होतं ते तिच्या जागेवर. धिप्पाड, हळू बोलणारे गृहस्थ, दुसरीकडे हेच काम करून आलेले. त्यांना काम शिकवायची गरज नव्हती. तिनं त्यांना कुठला स्विच अडकतो, कुठली खुर्ची डुगडुगते आणि कोणाला चक्कर येते एवढंच शिकवलं. परवा तिची शस्त्रक्रिया, आणि ती जाताना माझी सोय लावून चालली होती.

घरी आल्यावर मी आमच्या ह्यांना सांगितलं. ते भांडी पुसत होते. “म्हणजे तिला माहीतच नाही? मला वाटलं होतं, तू केव्हाच सांगितलं असशील. सगळं तर सांगता एकमेकींना.”

“ती सांगते. मी ऐकते.”

“मग आता सांग. त्यात काय?”

“आत्ता? ती परवा शस्त्रक्रियेला चाललीय. आजारी माणसाच्या उशाशी जाऊन देवाधर्माचं बोलायचं, शोभतं का? तिला वाटेल, बाई टपूनच बसली होती.”

त्यांनी ताट फडताळात ठेवलं. “धर्माचं नको बोलूस. खोटं बोलले एवढं तर सांगशील?”

त्यावर मी त्यांना म्हणाले की ताटं उलटी ठेवत जाऊ नका. दुसरं काय बोलणार? ते बरोबर बोलत होते आणि मला ते नको होतं. न सांगता भागलं असतं. ती गेली असती, बरी होऊन आली असती किंवा नसती आली, आणि नवे गृहस्थ रोज दुपारी मोटर बंद करत राहिले असते. मी निवृत्त होईपर्यंत या कारखान्यात दुपारची ती शांतता पाळली गेली असती, एका चकरेच्या नावानं. मला एकदम भीती वाटली ती याची. ‘नसती आली’ हे मनात येऊन गेलं त्याची वाटलीच, पण त्याहून याची, की ती माझ्याबद्दल एक खोटी गोष्ट जपून, सोबत घेऊन जाईल.

दुसऱ्या दिवशी, तिच्या शेवटच्या दिवशी, दुपारी मी डबा उघडलाच नाही. उठून तिच्या टेबलाशी गेले. ती स्वतःची प्लेट चाकावर धरून होती, ओठ घट्ट मिटलेले. चाक जोरात असलं की वस्तू हातातून उडते, म्हणून ती काम करताना फार सावध असते. बोलते, पण हात सावध असतात. आज बोलतही नव्हती.

“मला चक्कर येत नाही,” मी म्हणाले.

“काय?” तिनं मोटर बंद केली. “आज नाही आली? बरं झालं की.”

“कधीच येत नव्हती.”

“अगं, मग ते डोळे?”

“प्रार्थना करते मी. जेवणाआधी. तू विचारलंस तेव्हा खोटं बोलले, आणि मग ते तसंच चालू राहिलं.”

कोपऱ्यात नवे गृहस्थ जेवत होते, त्यांचा चमचा थांबला. चकाकीनं प्लेट फडक्यावर ठेवली. मग खिशात हात घातला आणि मूठभर साखरेच्या गोळ्या काढून टेबलावर ओतल्या. एकदोन घरंगळून खाली गेल्या.

“मग हे काय आहे? हे मी कोणासाठी घेऊन फिरते? मला स्वतःला साखर बंद केलीय डॉक्टरनं!”

मला हसू आलं. तिला आलं नाही.

“माझा नवरा माझ्याशी कसा वागला, तुला माहीत आहे. सासू शेवटी माझा हात धरून काय बोलली, माहीत आहे. या गाठीचं मी सख्ख्या बहिणीच्या आधी तुला सांगितलं. तोंड उघडून दाखवलं तुला! आणि तुझं जे असेल ते तू ठेवून घेतलंस. यात लपवण्यासारखं काय होतं गं? चोरी करत होतीस?”

“तुला त्रास नको म्हणून.”

“मला त्रास? मोटर कोण बंद करत होतं मग?”

मी तिच्या बंद स्विचकडे पाहिलं.

“मी हसले असते?”

“नाही.”

“मग?”

“लाज वाटली.”

“कोणाची? माझी?”

“नाही,” मी म्हणाले. “त्याची.”

हे बोलेपर्यंत मलाच ते ठाऊक नव्हतं. ती माझ्याकडे बघत राहिली. तिचे डोळे बारीक आहेत, पॉलिशच्या धुळीनं कायम लालसर. मग तिनं आवाज खाली आणून विचारलं, “काय मागतेस रोज?”

“मागत नाही. आभार मानते. जेवण मिळालं म्हणून.”

“माझं नाव कधी घेतलंस का? गाठ झाल्यापासून तरी?”

जीभ पुन्हा तयार होती. ‘रोज घेते’ म्हणाले असते तर ती खूश झाली असती, मीही सुटले असते, आणि उद्या शस्त्रक्रियेच्या टेबलावर तिला त्याचा आधारही झाला असता. इतकं चांगलं खोटं मला आयुष्यात सुचलं नव्हतं.

“नाही,” मी म्हणाले. “डोळे मिटून मी दातांचा विचार करते.”

तिनं प्लेट उचलली, मोटर चालू केली आणि पाठ माझ्याकडे केली.

मी जागेवर येऊन बसले. म्हटलं, संपलं. इतक्या वर्षांची एक मैत्रीण, तीही सांभाळता आली नाही. वाईट वाटत होतं, आणि त्यात कुठेतरी बरंही वाटत होतं, की चला, सांगून टाकलं, आता आपण आपलं दुःख करत बसायला मोकळ्या. मी मेणाची पट्टी उचलली. तेव्हा माझं मलाच हसू आलं. हे मला चांगलं जमतं, स्टुलावर बसून वाईट वाटून घेणं. खांबाच्या मागेही मी हेच केलं होतं. वडील पश्चात्ताप हा शब्द भोंग्यात उच्चारायचे तेव्हा माणसं पुढे सरकायची, त्यांना वाटायचं आता काहीतरी रडण्याबिडण्याचं येणार. आणि वडील म्हणायचे, “रडू नका हो, नुसतं वळा. घर त्या बाजूला आहे.” मी मेण खाली ठेवलं. वळायला मला तिच्याकडेच वळावं लागणार होतं, पाठीकडे तर पाठीकडे.

मी गेले आणि तिची मोटर मी बंद केली. तिच्या स्विचला कोणी हात लावलेला तिला खपत नाही. ती गर्रकन वळली.

“आता करू?” मी म्हणाले. “तुझ्यासाठी. मोठ्यानं.”

“आता? ह्यांच्यासमोर?”

“ह्यांच्यासमोर.”

“मी तुमच्यातली होणार नाही हं. आधीच सांगते.”

“तुझं तू बघ. माझ्याकडे आहे ते मी कमावलेलं नाही, मला मिळालंय. मिळालंय आणि मी ते दाबून बसले होते. तुला दाखवते, एवढंच. पुढचं मला विचारू नकोस.”

तिनं हाताची धूळ एप्रनला पुसली. “मी काय करायचं?”

“रोज करतेस तेच. गप्प बसायचं.”

“बरं,” ती म्हणाली.

मी डोळे मिटले. हात लपवायला एप्रन ओढायला गेले आणि सोडून दिला. माझा आवाज मलाच ओळखू येईना, चिरका, मोठा, बाजाराच्या कोपऱ्यावरचा. “प्रभू, ही चकाकी.”

“अगं, खरं नाव सांग की! त्याला काय कळणार?”

“त्याला कळतं. गप्प बस. प्रभू, ही चकाकी. हिला उद्या भीती वाटणार आहे. आजही वाटतेय, पण ही सांगत नाही. तू तिच्याजवळ राहा. डॉक्टरांचे हात नीट चालू देत. प्लेट बसू दे, मी काळजीनं केलीय, तरी तू बघ. आणि मी हिच्याशी खोटं बोलले, तुझ्याबद्दल खोटं बोलले, त्याची मला क्षमा कर. आमेन.”

डोळे उघडले तर नवे गृहस्थ चमचा हातात धरून उभे राहिले होते. उभं राहायचं असतं असं त्यांना कोणी सांगितलं कोण जाणे. चकाकीचे डोळे मात्र उघडेच होते, आणि वाहत होते.

“मला भीती वाटते हे तुला कोणी सांगितलं?” ती म्हणाली.

“दिसतं की.”

“ऐकतो तो?”

“मला वाटतं, ऐकतो.”

“वाटतं?”

“ऐकतो,” मी म्हणाले. एवढं सरळ वाक्य मी त्याच्याबद्दल कधी कोणापुढे बोलले नव्हते. चकाकीनं नाक शिंकरलं, खाली वाकून घरंगळलेल्या गोळ्या वेचल्या, त्यातली एक फुंकर मारून माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाली, “खा. चेहरा बघ कसा झालाय.” मग मोटर चालू करून तिनं आपली प्लेट पुन्हा चाकाला लावली. दुपार उलटेपर्यंत तिनं ती घासली. आरशासारखी केली. गरज नव्हती इतकी.

शस्त्रक्रियेनंतर मला तिला भेटू दिलं तेव्हा तिचा चेहरा अर्धा सुजलेला होता, गाल निळा, आणि बोलायचं नाही अशी सक्त ताकीद. चकाकीला बोलायचं नाही! तिची बहीण मला म्हणाली, “प्लेट नीट बसली म्हणतात डॉक्टर. तुम्हीच केलीत ना?” आणि पेजेची वाटी माझ्या हातात देऊन चहाला गेली. खोलीत चार खाटा, गर्दी, ट्रॉल्यांचा खडखडाट, समोर भिंतीवर टीव्ही मोठ्यानं चाललेला. शेजारच्या खाटेवर एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांच्या उशाशी त्यांची बायको. मी चमचा भरला. चकाकीनं माझं मनगट धरून तो खाली करायला लावला. मला वाटलं, गरम असेल, फुंकर मारली. तिनं मानेनं नाही म्हटलं. मग उजवा हात उचलून खाटेच्या कडेला, जिथे काहीही नव्हतं, तिथे हवेत एक बोट दाबलं. मोटरचा स्विच जिथे असतो अगदी तिथे. आणि डोळे मिटून घेतले.

मी वाटी मांडीवर ठेवली. टीव्हीच्या वर आवाज जायला हवा होता, म्हणून मोठ्यानं म्हणाले, “प्रभू, या अन्नाबद्दल,” आणि पुढचा शब्द आला, त्याच्या पुढचाही आला, सगळे आले. तिचं नाव आलं. आमेन म्हणून डोळे उघडले तेव्हा शेजारच्या खाटेजवळच्या बाई अर्ध्या उठून माझ्याकडे वाकल्या होत्या.

“काय हो, बरं नाही का? चक्कर आली का तुम्हाला? पाणी देऊ?”

चकाकीनं सुजलेला डोळा किलकिला केला. माझं मनगट अजून तिच्या हातात होतं.

“नाही हो,” मी म्हणाले. “प्रार्थना करत होते. तुमच्या ह्यांच्यासाठीही करू का?”

बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा आपल्या नवऱ्याकडे, आणि उठून टीव्ही बंद केला.